रंग किती उरलाय?

संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘दुरुस्ती’ हा विषय दिला, तेव्हा मला सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या जुन्या गाड्या आठवल्या. इंजिन ठणठणीत, टायर बरे, कागदपत्रं पूर्ण. गेलेला असतो तो फक्त रंग. बॉनेट पांढुरकं पडलेलं, टपावर बोअरच्या पाण्याचे गोल डाग, दारांवर तिरकं ऊन पडलं की दिसणारं बारीक ओरखड्यांचं जाळं. मालक पेंटरकडे जातो, पूर्ण रंगकामाचा आकडा ऐकतो आणि परत येतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला बाजारात जेवढे पैसे येतील, त्यातला मोठा भाग रंगालाच जाणार असतो. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘रंगवू नका, पॉलिशचं मशीन घ्या. चार-पाच हजारांत येतं. रविवारी घरीच मारा.’

हा सल्ला कितपत खरा आहे आणि खरा असेल तर कोणतं मशीन घ्यायचं, हे बघायला मी बाहेर पडलो. पुण्यातल्या रविवार पेठेतली बोहरी आळी, नाना पेठेतला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, कर्वेनगर-वारज्याकडचे डेंटिंग-पेंटिंगचे पत्र्याचे शेड आणि ‘डिटेलिंग’ची पाटी लावलेले काचेचे नवे गाळे असा फेरा झाला. मशीनबद्दल विचारलं की बहुतेकांनी वॅट सांगितले, नाहीतर रुपये. एका जुन्या पेंटरकाकांनी मात्र मलाच विचारलं, “गाडीवर रंग किती उरलाय?” पुढे जिथे गेलो तिथे मी हाच प्रश्न घेऊन गेलो.

मायक्रॉनचा हिशोब

पॉलिश म्हणजे रंगावर चमक चढवणं, असं आपल्याला वाटतं. मशीन आणि कंपाउंड मिळून करतात ते खरवडण्याचं काम. कंपाउंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी कठीण, अतिशय बारीक भुकटी असते. पॅड ती रंगावरून फिरवतो, वरचा मेलेला थर निघतो, ओरखड्यांच्या कडा झिजतात, पृष्ठभाग सपाट होतो. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश न विखुरता परततो आणि गाडी चमकते. याचा अर्थ, प्रत्येक पॉलिशला रंग थोडा पातळ होतो.

आजकालच्या गाडीवर कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडे दिसतात ते बहुतेक याच थरात आणि घासायला हातात असतो तोही हाच थर. कंपाउंडचा एक जोरदार हात दोन-चार मायक्रॉन नेतो. पाणीपेपर मारला तर त्याहून जास्त. बारीक फिनिशिंग पॉलिश मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी नेतं. क्लिअर कोटमध्ये उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यं असतात. थर फार पातळ केला तर गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. प्रीमिअर पद्मिनी, ॲम्बेसेडर, सुरुवातीच्या काळातल्या साध्या रंगांच्या मारुती ८०० यांच्यावर क्लिअर कोट नसे. रंग हाच शेवटचा थर. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत रंगाचं तंत्र बदलत गेलं, त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव ऐकून गाडीवर काय आहे ते सांगता येत नाही. मधल्या काळात गाडी एखाद्या शेडमध्ये जाऊन आली असेल तर मुळीच नाही.

ओळखायची सोपी रीत पेंटरकाकांनी दाखवली. पांढरं सुती कापड घ्यायचं, त्यावर थेंबभर पॉलिश घ्यायचं आणि सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलक्या हातानं घासायचं. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट नाही. कापड गाडीच्या रंगात माखलं नाही, फक्त मळलं, तर आहे. लाल गाडीवर हे पाहताना कापड गुलाबी होतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. पण घाबरायचं कारण नसतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातला बांधून ठेवणारा राळेचा भाग सडतो, रंगद्रव्य सुटं होऊन पृष्ठभागावर भुकटीसारखं बसतं, तीच भुकटी कापडावर येते. तिच्याखाली रंग जिवंत असतो. म्हणूनच क्लिअर कोट नसलेली जुनी, विटलेली लाल किंवा निळी गाडी मशीनखाली जितकी पालटते, तितकी नवी गाडी पालटत नाही.

जाडी मोजायचं खिशात मावणारं मापक हल्ली दोन-अडीच हजारांपासून मिळतं. पत्र्यावर टेकवलं की आकडा येतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. शंभरच्या आसपास आकडा आला तर बहुधा कारखान्यातला रंग, दोनशे-तीनशे आला तर पुन्हा रंगवलेला भाग, आणि पाचशेच्या वर गेला तर आत लांबी भरलेली आहे असं समजायचं. क्लिअर कोट वेगळा किती आहे, हे साधं मापक सांगत नाही. ते सगळ्या थरांची बेरीज सांगतं. तरीही मशीनच्या आधी हे मापक घ्यावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. स्वतःला घ्यायचं नसेल तर डिटेलिंगवाल्याकडून गाडी मोजून घ्यावी आणि आकडे लिहून ठेवावेत.

ड्युकोच्या दिवसांतले हात

शेडमधले जुने पेंटर नव्या गाड्यांचा पातळ थरही जोर लावून घासताना दिसले. ते असं का करतात, हे समजायला रंगाच्या जुन्या काळात जावं लागतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीनं ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा, लवकर सुकणारा रंग आणला आणि जनरल मोटर्सनं तो गाड्यांवर मारायला सुरुवात केली. त्याआधी एका गाडीचा रंग पूर्ण सुकायला आठवडे लागत. ड्युको फवाऱ्यानं मारता येई आणि झटपट सुके. आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं फवाऱ्याच्या रंगकामालाच लोक ड्युको म्हणत राहिले. गॅरेजमध्ये या जातीच्या रंगाला एनसी म्हणतात.

एनसी रंग द्रावक उडून सुकतो. गनमधून निघालेला रंग फारसा चमकत नाही, त्याला घासून चमक आणावी लागते. म्हणून थरावर थर मारायचे, पाणीपेपर लावायचा, रबिंग कंपाउंड घ्यायचं आणि घोटायचं. पेंटरची कीर्ती त्याच्या घोटण्यावर ठरे. काकांनी वयाच्या पंधराव्या वर्षी फडक्यानं पद्मिनी घोटल्या. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमिअर कंपनीची ती गाडी, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. काकांच्या उमेदीच्या काळात या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवल्या जात आणि प्रत्येक वेळी जाड रंग चढे. जोरानं रगडलं तरी खाली भरपूर माल असे.

मग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, आला. हार्डनर मिसळला की तो रासायनिक क्रियेनं घट्ट होतो, आणि चमक गनमधूनच येते. त्यावर घासायचं ते फक्त धुळीचा कण किंवा ओघळ काढण्यापुरतं. पण हात जुनेच राहिले. त्या हातांना घाई झाली तेव्हा त्यांनी शेडमधला चार इंची ग्राइंडर उचलला आणि त्यावर पॅड बसवला. आजही अनेक शेडमध्ये हे दिसतं. जुन्या गाडीच्या रंगाचा घात करणारी याहून मोठी गोष्ट मला कुठे दिसली नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्यावर शंभर मिलिमीटरचा पॅड असेल तर पॅडची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं रंगावरून जाते. दीडशे मिलिमीटरचा पॅड रोटरी पॉलिशरवर १,२०० फेऱ्यांनी फिरला तर हाच वेग ताशी चौतीस किलोमीटरच्या आसपास असतो. ग्राइंडरखाली रंग काही क्षणांत तापतो, मऊ पडतो आणि कडेला जळतो. मशीन स्वस्तात हवं म्हणून ग्राइंडर वापरू नये. ड्रिलला पॅड लावूनही गाडीचं अंग घासू नये. हेडलाइटची काच उजळण्यापुरतं ड्रिल ठीक आहे.

गोल फिरणारं आणि झुलत फिरणारं

पॉलिशची मशीनं मुख्यतः दोन जातींची. पहिली रोटरी. पॅड सरळ मोटरला जोडलेला, एकाच आसावर गरगर फिरणारा, साधारण ६०० ते ३,००० फेरे. ताकद भरपूर, खरवडणं जलद. सरावलेल्या हातात तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण रोटरी थांबत नाही. एका जागी दोन क्षण जास्त रेंगाळली की उष्णता साठते. दाराच्या कडेवर, बॉनेटच्या उभारलेल्या रेषेवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे ती पत्र्यापर्यंत पोचते. शिवाय काम संपल्यावर उन्हात गोल-गोल पट्टे दिसतात. डिटेलिंगवाले त्यांना होलोग्राम म्हणतात. सायंकाळी शेडमधून चकाकत घरी आलेली गाडी सकाळच्या उन्हात वेगळी दिसते, त्यामागे बहुतेक वेळा हे पट्टे असतात.

दुसरी जात ड्युअल ॲक्शन, बाजारात सगळे तिला डीए म्हणतात. इथे पॅड मोटरच्या आसापासून थोडा बाजूला बसवलेला असतो. मोटर त्याला मिनिटाला काही हजार वेळा झुलवते आणि त्या झुलण्याच्या ओघात पॅड स्वतःभोवती सावकाश फिरतो. जास्त दाबलं किंवा पॅड कडेवर तिरका धरला की त्याचं फिरणं थांबतं, नुसतं थरथरणं उरतं. कामाचा वेग त्यामुळे कमी होतो, पण रंग जळायची भीतीही बरीच जाते. घरी, पहिल्यांदाच मशीन हातात घेणाऱ्या माणसाला मी डीएच घ्यायला सांगेन. थोडे पैसे वाचतात म्हणून रोटरी घेणाऱ्यानं आधी भंगारातल्या बॉनेटवर हात बसवावा. नाना पेठेत आणि भंगारवाल्यांकडे असं जुनं बॉनेट मिळतं.

डीएमध्ये एक आकडा महत्त्वाचा, तो म्हणजे पॅड किती मिलिमीटर झुलतो: ८, १२, १५ किंवा २१. आकडा मोठा तितकं एका वेळी जास्त क्षेत्र घासलं जातं आणि काम गुळगुळीत होतं. म्हणून विक्रेते १५ आणि २१ पुढे करतात. हल्लीच्या सेडान-एसयूव्हींच्या रुंद, सपाट पत्र्यावर ते उत्तम चालतात. ॲम्बेसेडरच्या मडगार्डवर मात्र नाही. गोलाईवर मोठा पॅड पूर्ण टेकत नाही आणि झुलण्याचा पल्ला मोठा असेल तर फिरणं सारखं थांबतं. पद्मिनी, ॲम्बेसेडर, बीटल अशा गोलसर गाड्यांना ८ किंवा १२ मिलिमीटरचं मशीन आणि लहान प्लेट, म्हणजे पॅड ज्यावर चिकटतो ती तबकडी, जास्त उपयोगी. मारुती ८०० चं बॉनेट आणि टप तसे सपाट, तिला १५ चालतं. हा पल्ला मशीनच्या आत ठरलेला असतो, नंतर बदलता येत नाही. त्यामुळे कोणती गाडी घासायची आहे हे ठरवूनच दुकानात पाय ठेवावा.

तिसरा एक प्रकार आहे, ज्यात पॅड झुलतो आणि दात्यांच्या जोरावर सक्तीनं फिरतोही. जर्मनीच्या फ्लेक्सची अशी मशीनं प्रसिद्ध आहेत. इटलीच्या रूपेसकडेही ती आहेत. माकिताच्या एका मशीनवर तर खटका दाबून सुटं की सक्तीचं हे निवडता येतं. रोज गाड्या घासणाऱ्याला ती परवडतात. एखाद्या रविवारी एकच गाडी घासणाऱ्याला त्यांची गरज नाही.

बोहरी आळीत

बोहरी आळीतल्या दुकानात मशीन बघायला उभं राहिलं की आधी खोक्यावरचे वॅट दाखवले जातात. मी ज्या दुकानात बराच वेळ उभा होतो, तिथे एक मध्यमवयीन गृहस्थ होंडा सिटीसाठी मशीन घ्यायला आले. शेठनी समोर तीन खोकी ठेवली. एक चिनी बनावटीची रोटरी, तीन-साडेतीन हजारांची. दुसरी नामांकित कंपनीची रोटरी, दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे. तिसरं डीए, फारशा माहीत नसलेल्या नावाचं, साडेसहा हजारांचं. परदेशी डिटेलिंगची मशीनं या गल्लीत सहसा नसतात. त्यांचे भाव पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतात आणि ती डिटेलिंगच्या मालाच्या दुकानांत मिळतात.

“यात जास्त वॅट कोणत्या मशीनचे?” गृहस्थांनी विचारलं. शेठनी रोटरीवर बोट ठेवलं. पण स्वस्त मशीनवर छापलेले वॅट म्हणजे पॅडपर्यंत पोचणारी ताकद नव्हे. बघायचं ते हे की दाब आल्यावर वेग टिकतो का. चांगल्या मशीनमध्ये दाब वाढला की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटरला जास्त ताकद देते आणि वेग कायम राहतो. स्वस्तात ते नसतं, दाबलं की आवाज खाली बसतो. पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर पॅड टेकवून, हलका दाब देऊन दुकानातच ऐकता येतं. सहाशे ते नऊशे वॅटचं, वेग टिकवणारं डीए घरगुती कामाला पुरतं.

नंतर हातातली थरथर बघावी. डीएच्या आत एक प्रतिभार असतो, ठरावीक आकाराच्या प्लेटच्या आणि पॅडच्या वजनाला जुळवलेला. सहा इंची प्लेट काढून पाच इंची लावली तर तोल बिघडतो आणि थरथर वाढते. तासाभरानं बोटं बधिर होतात. म्हणून कंपनीनं ज्या प्लेटसाठी मशीन जुळवलं आहे तीच वापरावी. वजन अडीच किलोच्या आत असलं तर टपावर वाकून काम करताना खांदे सांभाळले जातात. वायर किमान चार मीटरची हवी. पार्किंगमध्ये लांब एक्स्टेन्शन लावायचं असेल तर ते जाड तारेचं घ्यावं. बारीक तारेत विजेचा दाब पडतो आणि मोटर तापते. ओल्या फरशीवर काम करणार असाल तर वायर खांद्यावरून मागे टाकावी आणि सॉकेट गळतीवर तुटणाऱ्या स्विचवर आहे का ते बघावं.

सगळ्यात शेवटी विचारायची गोष्ट लोक विसरतात: कार्बन ब्रश आणि जादा प्लेट मिळते का? ब्रश झिजणारच. प्लेटवरचं वेल्क्रो उष्णतेनं सुटणारच. प्लेटचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात, दुसऱ्याची बसेलच असं नाही. मशीन घेतानाच ब्रशचा एक जोड आणि एक प्लेट मागावी. दुकानदाराकडे दोन्ही नसतील तर ते मशीन स्वस्त पडणार नाही. बॉश, माकिता, डिवॉल्ट यांची सेवा केंद्रं मोठ्या शहरांत आहेत, म्हणून त्यांची किंमत थोडी जास्त असली तरी दहा वर्षांचा विचार केला तर ती वसूल होते. एकच गाडी, वर्षातून एकदा घासायची असेल तर साधं डीएही पुरेल, ब्रश मिळत असले की झालं.

नऊ-दहा इंची, कापडी टोपी चढवायचं एक फार स्वस्त मशीनही गल्लीत दिसतं. ते वॅक्स पसरवण्यापुरतं आहे. विटलेला रंग त्यानं उजळत नाही. त्या गृहस्थांना तेही दाखवलं गेलं. शेवटी त्यांनी साडेसहा हजारांचं डीए घेतलं आणि पॅड मात्र खोक्यात आलेले तेवढेच. तिथे मला बोलावंसं वाटलं आणि मी बोललो.

खर्च कशावर करावा

मशीनवर सहा हजार घालणारा माणूस पॅडवर दोनशे रुपये वाचवतो, हे मी वारंवार बघितलं. रंगाला प्रत्यक्ष टेकतो तो पॅड. कापडाच्या किंवा लोकरीच्या पॅडचं खरवडणं जोरदार असतं, विटलेल्या जाड रंगाला ते उपयोगी. फोमचे पॅड कठीण ते मऊ अशा दर्जांत येतात. प्रत्येक कंपनीच्या रंगांची खूण वेगळी असते, एकाचा केशरी तो दुसऱ्याचा केशरी नसतो, म्हणून पॅडवरचं लिखाण वाचावं. मायक्रोफायबरचे पॅड डीएवर चांगले चालतात.

एका गाडीला एक पॅड पुरत नाही. निघालेला रंग आणि वाळलेलं कंपाउंड फोमच्या छिद्रांत भरतं, पॅड तापतो, मऊ पडतो आणि मग तीच घाण गाडीवर नवे ओरखडे काढते. कंपाउंडसाठी पाच-सहा आणि फिनिशिंगसाठी तीन-चार पॅड हवेत. आरसा, खांब, नंबरप्लेटभोवतीची जागा यांसाठी तीन इंची प्लेट आणि लहान पॅड वेगळे. बाटलीतल्या मालातही फरक असतो. काही कंपाउंडमध्ये तेल आणि भराव असतो, तो ओरखडे झाकतो. दोन-चार धुण्यांत झाकण निघून जातं. खरं काम झालं आहे का हे बघायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या जागेवर फवारावं, पुसावं आणि टॉर्चच्या उजेडात बघावं.

एक चौकोन

एका निवृत्त प्राध्यापकांच्या लाल मारुती ८०० वर मी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. त्यांनी डीए विकत घेतलं होतं आणि डिटेलिंगचा गाळा चालवणारा एक तरुण शेजारधर्म म्हणून मदतीला आला होता. “सर, आधी मोजू,” तो म्हणाला. टप शंभरच्या आसपास. उजवी दारं तशीच. बॉनेट दोनशे चाळीस, म्हणजे कधीतरी रंगवलेलं. डाव्या मागच्या कोपऱ्यात आकडा नऊशेच्या वर गेला आणि सरांना २००६ मधली धडक आठवली. कापड बॉनेटवरही लाल झालं आणि टपावरही.

मग धुणं. वरून खाली, शाम्पू लावून, भरपूर पाण्यानं. नंतर क्ले. पिठासारखा मऊ गोळा शाम्पूच्या पाण्यात भिजवून रंगावरून फिरवला की रंगात रुतलेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, सिमेंटचे शिंतोडे त्यात अडकतात. सरांची गाडी वर्षावृक्षाखाली उभी असते. त्या झाडावरून उन्हाळ्यात चिकट थेंब पडतात. तळहात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून फिरवला तर क्लेच्या आधी खरखर लागते, नंतर लागत नाही. हे न करता मशीन लावलं असतं तर तेच कण पॅडखाली फिरले असते.

रबरी बीडिंग, काळं प्लॅस्टिक आणि दारांच्या कडा मास्किंग टेपनं झाकल्या. प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ काढली. ती फिरताना दिसते तोवर पॅड फिरतोय. रेघ नुसती थरथरली की दाब जास्त झाला किंवा पॅड तिरका झाला.

तरुणानं बॉनेटच्या मधोमध फूट-दीड फुटाचा चौकोन टेपनं आखला. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश इथून सुरुवात. चार थेंब. मशीन बंद असतानाच टेकवायचं, आधी मंद वेगावर पसरवायचं, मग वेग वाढवून आडव्या ओळी, नंतर उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या अर्ध्या ओळीवर चढलेली. हात सेकंदाला साधारण इंचभर पुढे. सर सुरुवातीला भराभर फिरवत होते. “मशीनला काम करू द्या, तुम्ही फक्त धरा,” तो म्हणत राहिला. पुसल्यावर चौकोनात रंग थोडा उजळला, पण ओरखडे होते तिथेच. मग मधल्या दर्जाचा पॅड. तेवढ्यानं भागलं. सगळ्यात कठीण पॅड खोक्यात तसाच राहिला. बॉनेटवर दोनशे चाळीस मायक्रॉन असूनही त्यानं तो काढला नाही, कारण टपावर शंभरच होते आणि त्याला सगळ्या गाडीला पुरेल अशी एकच सौम्य रीत हवी होती.

पत्रा किती तापलाय हे दोघं अधूनमधून हातानं बघत होते. तळहात निवांत टेकवून ठेवता येत नसेल तर थांबायचं. दर चौकोनानंतर पॅडला ब्रश मारायचा, आणि दोन-तीन चौकोनांनंतर पॅडच बदलायचा. काम सावलीत, गार पत्र्यावर. जुन्या लाल, पिवळ्या, केशरी रंगांत शिशाची रंगद्रव्यं असू शकतात, म्हणून दोघांनी मास्क लावले होते आणि पॅड धुवायला बागेच्या नळाखालची वेगळी बादली ठेवली होती. ही काळजी मला शेडमध्ये कुठेच दिसली नाही. तिथे पंधरा-सोळा वर्षांची मुलं उघड्या तोंडानं तीच भुकटी श्वासात घेत उभी असतात. मशीनचा भाव विचारताना याचाही विचार आपण करायला हवा.

दुपारपर्यंत बॉनेट, टप आणि उजवी बाजू झाली. टप तर ओळखू येईना. एकाच दिवसात गाडी संपवायचा हट्ट त्यांनी धरला नाही.

मशीन जिथे थांबतं

काही ठिकाणी कितीही चांगलं मशीन उपयोगाचं नाही. टपावर, बॉनेटवर पांढुरके ढग दिसतात, कडेला पापुद्रा सुटलेला असतो, नख लागलं तर निघतो. ही क्लिअर कोट गेल्याची खूण. तिथे घासलं तर पापुद्रा आणखी सुटेल. तो भाग रंगवावाच लागेल. नख अडकतं असा खोल ओरखडाही घासून पूर्ण काढायला जाऊ नये, कडा बोथट करून सोडून द्यावा. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळून रंगात खड्डा पाडते, त्याचंही तसंच. रंगाखालून फुगलेला गंज असेल तर आधी डेंटर. कोकणातल्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे फार आढळतं. चमकदार रंगाखाली चाळणी झालेला पत्रा बघून मला वाईट वाटलं, कारण त्या मालकानं नुकताच डिटेलिंगवर मोठा खर्च केला होता.

आणि मापकावर ऐंशीच्या खाली आकडे येत असतील, तर हातानं बारीक पॉलिश आणि वॅक्स एवढ्यावर थांबावं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. अशा गाडीचा रंग थोडा मंद राहिला तरी चालेल.

फडका बदला

डिटेलिंगवाल्या तरुणाकडे येणाऱ्या गाड्यांवर सगळ्यात जास्त दिसतं ते गोल जाळं. ते उन्हानं होत नाही. सोसायटीत रोज सकाळी एका बादलीत पंधरा गाड्या पुसल्या जातात, एकाच फडक्यानं, बहुतेकदा धूळ ओली न करता. त्या धुळीत वाळूचे कण असतात. पुसणाऱ्या माणसाला गाडीमागे महिन्याला जे पैसे मिळतात त्यात धुवून पुसणं बसत नाही, त्यामुळे दोष त्याला देता येत नाही. सरांच्या सोसायटीतल्या चार-पाच जणांनी यावर उपाय काढला. पुसणाऱ्याला रोजऐवजी आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं, पैसे पूर्वीइतकेच ठेवले आणि प्रत्येकानं स्वतःचे दोन मायक्रोफायबर फडके दिले. गाडीवर आधी पाणी ओघळवायचं, मग ती पुसायची.

मशीनही आता सगळ्यांचं झालं आहे. सरांनी घेतलेलं डीए, मापक आणि जाड तारेचं एक्स्टेन्शन सोसायटीच्या कपाटात असतं. वहीत नाव लिहून कुणीही न्यावं. पॅड मात्र ज्याचे त्यानं आणायचे, कारण एकाच्या पॅडमधली वाळू दुसऱ्याच्या गाडीवर फिरायला नको. वहीच्या पुढच्या पानांवर प्रत्येक गाडीचे आकडे आहेत: टप, बॉनेट, चार दारं, डिकी, आणि कधी, कोणत्या पॅडनं घासलं. ज्या पत्र्यावर गेल्या वर्षी कंपाउंड मारलं, तिथे यंदा फक्त वॅक्स.